तुरा आलेला ऊस

नगर सोडून आष्टीच्या रस्त्याला लागलं की पौषात एखाद्या तरी उसाच्या फडावर पांढरे तुरे डोलताना दिसतात. गाडीत मुंबई-पुण्याचं कुणी असलं की काच खाली होते, मोबाइल बाहेर येतो आणि "किती सुंदर!" असा एक उद्गार थंडीबरोबर आत शिरतो. यंदा सायली होती. ती माझी कॅमेरावाली. गेल्या वर्षी तिनं माझा अख्खा सिनेमा या तुऱ्यांतच चित्रित केलाय, तुरा म्हणजे काय हे तिला आता माझ्याइतकं ठाऊक आहे, तरी तिची काच खाली गेलीच. मी तिला दोष देत नाही. दिसतातच ते सुंदर. सकाळच्या उन्हात रुपेरी, दुपारी पांढरेफेक, संध्याकाळी किंचित गुलाबी. वारा आला की सगळे एका बाजूला मान टाकतात. मी मात्र त्या फडाचा मालक कोण असेल आणि त्यानं कुणाला काय बोलून ठेवलं असेल याचा विचार करत होतो.

कारण ऊस वेळेवर तुटला तर त्याला तुरा दिसत नाही. त्याच्या आधीच तो ट्रॉलीत असतो. तुरा येतो तो मागं राहिलेल्या उसाला. मग वरून शोभा वाढत जाते आणि आतून कांडं पोकळ होत जातं, रस आटतो, वजन उतरतं. आमच्याकडं रस्त्यानं जाणारा माणूस तुरा बघून "वा" म्हणत नाही. "कुणाचा हाय?" म्हणतो. आणि नाव कळलं की मान हलवून पुढं जातो. साखर कारखान्याच्या मुलखात तुरा म्हणजे कुणीतरी कुणावर तरी काढलेला राग असतो.

आमच्या दोन एकरांवर तो राग एकदा अख्खा हंगाम डोलत होता. आणि तो ओढवून आणणारा शहाणा म्हणजे मी.

दुष्काळाचं वर्ष. तलावाच्या तळाला पडलेल्या भेगांत आमच्या वस्तीवरच्या कोंबड्या किडे शोधत फिरायच्या. टँकरचा आवाज आला की बायका चुलीवरची भाकरी तशीच टाकून हंडे घेऊन पळायच्या, आणि गावभर करपलेल्या भाकरीचा वास यायचा. दुष्काळाचा वास म्हटला की लोकांना धूळ आठवते. मला करपलेली भाकरी आठवते. आमची विहीर मात्र कशी कोण जाणे तग धरून होती, रोज तासभर मोटर चालायची, आणि तेवढ्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन एकर ऊस लेकरासारखा जगवला होता. आणि त्याच वर्षी कारखान्याच्या कचेरीपुढचं लॉन हिरवंगार होतं. मधोमध एक कारंजं होतं, ते पाहुणे आले की उडायचं. तलावाच्या पोटातच कारखान्याची विहीर होती.

हे लॉन चेअरमनचं लाडकं. चेअरमन म्हणजे उंच, गोरा, ताठ माणूस. आमच्या भागात त्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, चेरमनसाहेब म्हटलं की झालं. आवाज कधी चढवायचा नाही. समोर माणूस अर्ज घेऊन उभा राहिला की तो अर्ज हातात घ्यायचा, त्याच कागदानं चष्म्याची काच पुसायची, मग चष्मा लावून कागदाकडं नाही तर माणसाकडं बघायचं. अशानं अर्धे अर्जदार काय मागायला आलो तेच विसरायचे.

भाद्रपदात कारखान्याची वार्षिक सभा असे. तिचा थाट ज्यानं पाहिला नाही त्याला सहकार कळला नाही असं माझं मत आहे. पत्र्याचं भलंमोठं शेड, आत सभासदांच्या पांढऱ्या टोप्या, दाराशी चिवड्याचे पुडे, आणि व्यासपीठावर कार्यकारी संचालक विषयपत्रिका वाचणार. "विषय क्रमांक तीन" एवढं म्हटलं की खालून आरोळी, "मंजूर, मंजूर!" विषय काय ते ऐकायची कुणाला गरज वाटत नसे. एकदा त्या बिचाऱ्यानं नुसता घसा साफ केला, तर तोही मंजूर झाला होता. सगळ्यात शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" अशी एक ओळ असायची. ती वाचेपर्यंत लोक चप्पल शोधायला लागलेले असत.

आबांनी त्या ओळीवर उभं राहायचं ठरवलं. त्यांचा प्रश्न साधा होता : बागेला पाणी कुठून येतं? बस्स, एवढाच.

मी त्या वेळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक एकांकिका लिहून बसवल्यामुळं स्वतःला लेखक-दिग्दर्शक समजत होतो. मी म्हणालो, "आबा, असं सपक इचारून भागत न्हाई. शेवटाला पंच पायजे."

"काय पायजे?"

"म्हणजे ठोसा. लोकांनी टाळी वाजवली पायजे."

"मला टाळी कशाला? मला पाण्याचं इचारायचं हाय."

पण मी ऐकतोय कशाला! फुलस्केपचा कागद घेतला, वळणदार अक्षरात प्रश्न लिहिला, आबांकडून चार वेळा तालीम करून घेतली. कुठं थांबायचं, कुठं मान वर करायची, सगळं. माझ्या दिग्दर्शनाखाली काम केलेले पहिले व्यावसायिक नट म्हणजे माझे वडील.

सभेत आबा उठले. माइकपाशी गेले. बरोब्बर थांबले, बरोब्बर मान वर केली आणि म्हणाले, "चेरमनसाहेब, आमची गुरं माती चाटतेत अन् तुमच्या लॉनला दिवसातून दोनदा पाणी. आमची एक इनंती हाय. पुढल्या जन्मी आमाला सभासद करू नका. तुमच्या लॉनमधलं गवत करा."

मग जे हसू फुटलं! मागून कुणीतरी "मंजूर!" ओरडलं, आणि मग सगळं शेड "मंजूर, मंजूर!" व्यासपीठावरच्या दोन संचालकांनी उपरण्याआड तोंड लपवलं. पुढं मला बक्षिसं मिळाली, टाळ्या मिळाल्या, पण पत्र्याखाली घुमलेली ती टाळी पुन्हा मिळाली नाही.

चेअरमनही हसला. हात पुढं करून म्हणाला, "प्रश्न लेखी द्या की. चांगला हाय." आबांनी माझा कागद दिला. त्यानं त्याच कागदानं चष्मा पुसला, दोन्ही काचा, सावकाश. मग कागदाकडं बघितलं, आणि घडी घालून खिशात ठेवला. त्यानं कुणाच्या अर्जाकडं बघितल्याचं ते एकच उदाहरण. ते अक्षर आबांचं नव्हतं हे त्याला तिथंच कळलं असणार. आणि नसेल कळलं तर मी आष्टीच्या स्टँडवर, सलूनमध्ये आणि दोन हॉटेलांत स्वतः जाऊन सांगितलं होतं की वाक्य माझं आहे.

दिवाळी झाली. कारखान्याचा भोंगा वाजला, गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू झालं, आणि आमच्या शिवारात मळीचा आंबूस-गोड वास पसरला. उसाची तोड नंबरानं होते, लागणीच्या तारखेनं. आमचा नंबर वरचा. आमच्या पूर्वेच्या फडात टोळी आली, कोयत्यांचा सपसप आवाज तीन दिवस चालला, फड मोकळा झाला. मग पश्चिमेच्या फडात आली. चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस, रोज आमच्या बांधावरून जायचा आणि आमचा ऊस जणू तिथं नाहीच अशा नजरेनं पलीकडं बघायचा. ज्या जिल्ह्यातून अर्ध्या महाराष्ट्राचा ऊस तोडायला गाड्या भरून माणसं जातात, त्या जिल्ह्यात आमच्या दोन एकरांना कोयता मिळेना. भावकीतला एक मुकादम होता, त्याच्या हाताखाली टोळी होती. तो आबांना म्हणाला, "काका, तुमच्यासाठी जीव देतो. पण ऊस तोडला तर उद्या कारखान्याच्या यादीतनं आमची नावं काढून टाकतेत."

आणि मग एका सकाळी तुरे आले. आधी चार-दोन, बोटभर. आठवड्यात सगळा फड पांढरा. आजूबाजूला कापलेल्या उसाची खोडकी आणि काळी पाचट, आणि मधोमध आमचा ऊस सजूनधजून उभा. टँकरपाशी बायका आईला म्हणायच्या, "तुमच्या उसाला तर बाशिंग बांधलंय गं बाई! नवरी कुठली बघितली?" आई हंडा भरून यायची आणि घरात कुणाशी न बोलता तो जोरात खाली ठेवायची. त्या आवाजावरून आज काय बोललं गेलं असेल ते मला कळायचं.

लोक आबांना सांगायचे, चेअरमनच्या बंगल्यावर जा, टोपी काढ, चुकलं म्हण, उद्या टोळी येती. आबा म्हणायचे, "टोपी डोक्यात घालायला घेतलीया." पुढं हाच आमच्या घराचा दागिना झाला. लग्नात, दहाव्याला, पारावर, कुठंही विषय निघाला की आबा म्हणायचे, "ऊस वाळला, पण मी त्याच्या दारात गेलो न्हाई." माझ्या बायकोला मागणी घालायला गेलो तेव्हाही आमच्या घराण्याची माहिती म्हणून हेच वाक्य सांगितलं गेलं. आमच्याकडं सोनं नव्हतं, वाडा नव्हता. हे होतं.

चैत्रात कांडं हातात घेतलं तर वाळक्या बोरूसारखं वाजायचं. आबांनी एके सकाळी बांधावर उभं राहून हाळी दिली की ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यानं यावं आणि ऊस न्यावा. दोन दिवसांत फड गेला. गावभर म्हशी तुऱ्यासकट ऊस चघळत होत्या आणि त्यांच्या तोंडाला पांढरा कापूस लागला होता. आबा वेशीतून चालत गेले तर दावणीची जनावरं त्यांच्याकडं माना वळवून बघायची. मी मात्र त्या दिवशी विहिरीच्या थारोळ्यात, म्हणजे पाणी पडायच्या हौदात, बसून एक शपथ घेतली. एकोणिसाव्या वर्षी घेतात तसली, जरा फिल्मी. मी या माणसाला सोडणार नाही.

मुंबईत गेलो. इकडं आई लोकांना सांगायची, पोरगं डायरेक्टर झालंय, आणि लोक आदरानं विचारायचे, "कंच्या कारखान्याचा?" पाच वर्षं दुसऱ्यांच्या नावानं भाग लिहिले, मग स्वतःची मालिका मिळाली. रोजची, सासू-सुनांची, वाड्यात घडणारी. तिच्यात पहिल्याच आठवड्यात एक खलनायक घुसवला. उंच, गोरा, ताठ. आवाज न चढवणारा. अर्जाच्या कागदानं चष्मा पुसणारा. वाहिनीच्या मॅडम म्हणाल्या, "हे चष्म्याचं फार वेगळं आहे, कुठून सुचलं?" मी म्हणालो, "असंच."

तीन महिन्यांनी मी त्याला विहिरीत ढकललं. लिहिताना मला खूप आनंद झाला होता. पण दुसऱ्या दिवशी वाहिनीचा फोन : टीआरपी त्याच्यामुळंच आहे, त्याला वर काढा. काढला. मग त्याला साप चाववला. मांत्रिक आणावा लागला. गोदामासकट जाळला, जळालं ते दुसरंच कुणीतरी निघालं. सुडाची एवढी साधनं हातात असलेला आणि एकही कामी न येणारा माझ्यासारखा माणूस विरळा. चार वर्षांत माझ्या शत्रूला मी महाराष्ट्राच्या घराघरांत अमर करून ठेवलं. आणि याच काळात वाहिनीच्या हट्टापायी नायिकेचं एक गाणं तुरा आलेल्या उसात चित्रित केलं. तो भाग आबांनी बघितला आणि टीव्ही बंद केला. फोनवर एवढंच म्हणाले, "तुऱ्यात कुणी गाणी म्हणतंय व्हय रे?"

पण खरा कडेलोट पुढं. एके दिवशी सेटवर फोन आला. शांत, न चढवलेला आवाज. "डायरेक्टरसाहेब, राम राम. परवा आमाला परत इहिरीत ढकललंत."

मी फोन घेऊन सेटबाहेर आलो.

"आमाला पोहता येतंय. पुढच्या बारीला ध्यानात असू द्या. बाकी मालिका झकास. घरी सगळे एकत्र बसून बघतो. नातवंडं म्हणतेत, आजोबा, तुमी आलात, तुमी आलात!"

सूड हे उसासारखंच पीक असावं. वेळेत तोडला तर गोडी. पुढं नुसताच उभा राहिला की त्याला तुरा येतो, लोकांना बघायला बरा वाटतो, आणि आत कधी पोकळ झाला ते मालकाला कळत नाही. हे शहाणपण मला आज सुचतंय. त्या वेळी मी फोन ठेवून पुढच्या भागात त्याला ट्रकखाली घातलं.

असा पंचवीसेक वर्षं हा माणूस उराशी बाळगून शेवटी मी सिनेमा लिहिला. आमचाच. दुष्काळ, सभा, प्रश्न, ऊस. सिनेमातला बाप अर्थातच चेअरमनच्या दारात जात नाही. त्याच्या उलट एक म्हातारा शेतकरी मी घातला होता, जो जातो, टोपी काढतो, वाकतो. बापाचा ताठपणा उठून दिसावा म्हणून. संहितेत त्याच्यापुढं मी कंसात लिहिलं होतं, "लाचार, ओशाळा".

चित्रीकरणाला तुरा आलेला मोठा फड हवा होता. शोधता शोधता कळलं की तालुक्यातला सगळ्यात मोठा तसला फड खुद्द चेअरमनचा आहे. कारखाना दुसऱ्या गटाच्या हातात गेला होता, आणि नव्या लोकांनी सगळ्यात आधी काय केलं असेल? त्यांनी त्याच्या उसाला टोळी दिली नाही. देव आहे यावर माझा त्या दिवसापुरता विश्वास बसला.

मी त्याच्याकडं गेलो. ऐंशीला टेकलेला, काठी आलेली, पण पाठ तशीच. म्हणाला, "फड घ्या. भाडं नको. पण आमाला एक काम द्या शिनिमात. टीव्हीवरच्या शिरेलीतनं तुमीच सवय लावली."

माझ्या डोळ्यांपुढं तो कंस आला. लाचार, ओशाळा.

दृश्य साधं होतं. चेअरमनची कचेरी, चेअरमनच्या भूमिकेत परळीचा विलास, औष्णिक केंद्रात नोकरी करून रंगभूमी जगवणारा हुशार नट. समोर येऊन म्हाताऱ्यानं टोपी काढायची आणि म्हणायचं, "साहेब, माझ्या उसाला टोळी द्या. चुकलं माझं." मी मुद्दाम कचेरी उघड्यावर, फडाच्या कडेला मांडली. दुष्काळात कामकाज मांडवात चालायचं असं युनिटला सांगितलं. माघातलं ऊन, वेळ दुपारची. म्हाताऱ्याला सावली मिळणार नाही, खुर्चीवरच्या विलासला मिळेल, अशी.

पहिला टेक. दुसरा. सायली हळूच म्हणाली, "सर, दुसरा उत्तम होता."

"मला माहितीय. अजून एक."

पाचवा. आठवा. "साहेब, टोपी काढा. आता घाला. परत काढा. हात खाली." युनिटचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. विलास खुर्चीवर अवघडला. म्हाताऱ्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मी सांगतो, मला लाज वाटत नव्हती. मी मनात आमच्या फडातल्या तुऱ्यांचे एकेक आठवडे मोजत होतो आणि आठवड्याला एक टेक लावत होतो.

एकच अडचण होती. माणूस वाकत नव्हता. टोपी काढायचा, ती दोन्ही हातांनी छातीशी धरायचा, आणि विलासच्या तोंडाकडं न बघता टेबलाच्या कडेकडं बघत बोलायचा.

"साहेब, लाचार दिसा की जरा!" मी ओरडलो.

"असं कुणी उभं ऱ्हात न्हाई," तो म्हणाला. "वाकलेला माणूस ताठच उभा ऱ्हातोय. तुमी बघितलेलं न्हाई. आमी बघितलंय."

चौदावा टेक. तो आला. टोपी काढली, छातीशी धरली, टेबलाच्या कडेकडं बघितलं. "साहेब, माझ्या उसाला टोळी द्या." मग थांबला. मला वाटलं विसरला. कट म्हणणार, तेवढ्यात तो खालच्या आवाजात म्हणाला, "अन् पोराला सांगू नका मी आलतो म्हणून."

विलासनं खुर्चीतून माझ्याकडं बघितलं. ते वाक्य संहितेत नव्हतं. मागं तुरे वाजत होते. सायलीनं कॅमेरा बंद केला नाही. कट म्हणायला मला किती वेळ लागला हे त्या फितीवर आहे, मी पुन्हा मोजलं नाही.

मी त्याला बाजूला नेलं. "हे वाक्य कुठून आणलं?"

काठीवर दोन्ही हात ठेवून तो म्हणाला, "लिवलेलं न्हाई कुणी. ऐकलेलं हाय. तुझे आबा आलते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बंगल्यावर. असेच उभे ऱ्हायले." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "इतकी वर्सं कुणाला बोललो न्हाई. आज लईच उन्हात उभं केलंस, निसटलं तोंडातनं."

"मग टोळी का दिली नाही?"

"मी कागद दावला. म्हणलं, हे अक्षर पोराचं हाय, पोराचीच करणी हाय, एवढं म्हण अन् टोळी घेऊन जा. तर म्हणाले, अक्षर पोराचं, प्रश्न माझा." त्यानं खांदे उडवले. "मग न्हाई दिली."

अगदी साध्या आवाजात. पाऊस न्हाई झाला, म्हणावं तसं.

शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा विहिरीच्या थारोळ्यातही आला नव्हता. त्यानं माझ्या बापाला नाही म्हटलं म्हणून नव्हे. माझ्या बापाला टोपी काढून उभं राहिलेलं या माणसानं बघितलं होतं आणि मी नव्हतं, म्हणून. आणि मी काय केलं होतं? ज्या म्हाताऱ्यापुढं "लाचार, ओशाळा" असं लिहून हसायला मोकळा झालो होतो, तो माझा बाप निघाला होता.

संकलनाच्या खोलीत ते दृश्य आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं. सायली म्हणाली, "सर, हा तुमच्या सिनेमाचा जीव आहे. हे एक वाक्य नसेल तर उरलेला सिनेमा नुसता नीटनेटका आहे." खरं होतं. वीस-पंचवीस वर्षं संवाद लिहून मला असलं एक वाक्य लिहिता आलं नव्हतं, आणि आबांनी ते कुणी ऐकू नये म्हणून उच्चारलं होतं. चेअरमनला पडद्यावर टोपी काढून उभं केलेलं सगळा तालुका बघणार होता. माझा पंचवीस वर्षांचा हिशेब तिथं चुकता होत होता. पण पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत आबा बसणार होते.

मी दृश्य कापलं. कुणाला कारण सांगितलं नाही. सायली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गावकऱ्यांसाठीचा खेळ नगरला ठेवला होता. चेअरमन दोन जीपगाड्या भरून आला. सुना, नातवंडं, जुने संचालक. स्वतः कडक इस्त्रीची नवी टोपी घालून. त्यानं तालुकाभर सांगितलं होतं. एक नातू तर पडद्याचं चित्रण करायला मोबाइल सरसावूनच बसला होता. आबा माझ्या शेजारी. मध्यंतरात चेअरमन माझ्याजवळ आला, वाकून म्हणाला, "आमचं कधी येतंय?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "येतंय की साहेब. शेवटाकडं. उठू नका फक्त."

तो जाऊन बसला. उरलेल्या सिनेमात मी पडदा बघितलाच नाही. मान वळवून त्याच्याकडं बघत होतो. प्रत्येक नव्या दृश्याला तो सावरून बसायचा. नातवाचा मोबाइल वर जायचा, खाली यायचा. सिनेमातला बाप शेवटी मोकळ्या फडात उभा राहिला, संगीत आलं, पाट्या सुरू झाल्या, लोक टाळ्या वाजवत उठले, तरी तो बसून होता. सगळी नावं वर सरकून गेली. त्याचं नव्हतं. दिवे लागले. तो काठी टेकत आमच्या रांगेपाशी आला.

"माझं काम?"

"कापलं."

"कावून?"

त्यानं माझ्याकडून नजर काढून माझ्या शेजारी बसलेल्या आबांकडं बघितलं. आबांनी त्याच्याकडं बघितलं. मग तो वळला आणि घरच्या माणसांकडं गेला. "चला," एवढं म्हणताना ऐकू आलं.

परतीच्या वाटेवर कडा हे गाव मागं पडलं. आबा बाहेर बघतच म्हणाले, "त्याला काम दिलतंस म्हणं."

"दिलतं."

"कावून काढलं?"

"वाक्यं ध्यानात ऱ्हाईनात त्याच्या," मी म्हणालो. "म्हातारा झालाय."

आबांनी टोपी सारखी केली.

"पाठांतर पक्कं हाय त्याचं," ते म्हणाले. "काढलंस ते बरं केलंस."

मी समोर रस्त्याकडं बघत राहिलो. गाडी चालवताना डोळे पुसायची माझी सवय नाही.

मग ते माझ्याकडं वळले. "अन् शेवटापस्तोर बसवून ठेवलास व्हय रे त्याला?"

"शेवटची पाटी जाईस्तोर."

"कडक टोपी घालून?"

"कडक टोपी घालून."

आबांनी मांडीवर अशी थाप मारली की मागच्या सीटवर झोपलेली सायली दचकून उठली. माझ्या एवढ्या वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी दिलेली ही पहिली दाद.